वाढवावी की पाडावी?

विद्यापीठाची इमारत ही एक विचित्र मालमत्ता आहे. ती सहसा कोणी विकत नाही, तिच्यावर कोणी भाडे मिळवत नाही, आणि तिच्यात वावरणारी माणसे दर तीन वर्षांनी बदलतात. तिचा खरा धनी कोण, हा प्रश्न एरवी कोणाला पडत नाही. तो पडतो छत गळू लागल्यावर. मग समिती नेमली जाते, समितीचा अहवाल येतो आणि दोन तट पडतात. एक तट म्हणतो, ही वास्तू थोर आहे, तिच्या विटेलाही हात लावू नका. दुसरा म्हणतो, ती जीर्ण झाली, पाडा आणि नवी बांधा. दोन्ही तटांचा आवाज मोठा असतो. त्या गलबल्यात एक साधा प्रश्न मागे राहतो. विद्यार्थी वाढले, विषय वाढले, यंत्रे आली, तर आहे त्या इमारतीत भर कशी घालायची? इमारत वाढवण्याचेही एक शास्त्र असते की नाही?

हा प्रश्न प्राचीन वास्तूंविषयी फारसा उद्भवत नाही. इंदूरचा राजवाडा घ्या. १९८४ च्या दंगलीत त्याचा मोठा भाग जळाला. तो पुढे जुन्या पद्धतीने पुन्हा उभारण्यात आला आणि त्याबद्दल कोणी तक्रार केली नाही. लाकडी खांब, नक्षी, दगडी कमानी दिसल्या की वारसा म्हणजे काय ते सामान्य माणसालाही समजते. अडचण होते ती १९३० नंतरच्या, विशेषतः स्वातंत्र्यानंतरच्या इमारतींची. सपाट छत, उघडी वीट, उघडे काँक्रीट, नक्षीचा लवलेश नाही. अशा इमारती आपल्याकडे 'आधुनिक' म्हणून बांधल्या गेल्या आणि आज त्या आधुनिक राहिल्या नाहीत, प्राचीनही झाल्या नाहीत. म्हातारपण आले, पण मान मिळाला नाही, अशी त्यांची अवस्था आहे. आपली बहुतेक विद्यापीठे, तंत्रनिकेतने आणि वसतिगृहे नेमकी याच वयाची आहेत. म्हणून हा प्रश्न केवळ वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा नाही. तो आपल्या सर्वांचा आहे.

या प्रश्नाचे उत्तर शोधायला मी इंदूरचीच वाट धरतो, कारण एकाच शहरात त्याचे दोन धडे मिळतात. एक महालाचा आणि दुसरा झोपडीतून निघालेल्या माणसाच्या घराचा.

पहिला धडा माणिकबागेचा. महाराजा यशवंतराव होळकर दुसरे हे ऑक्सफर्डला शिकत असताना त्यांची एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुरचनाकाराशी ओळख झाली. मुथेसियस यांचा जन्म १९०४ चा, महाराजांचा १९०८ चा. म्हणजे दोघेही विशी-पंचविशीतले. त्यांनी मिळून १९३० ते १९३३ या काळात इंदुरात जो महाल उभारला, त्याला घुमट नव्हते, झरोके नव्हते. सरळ रेषा, मोठ्या खिडक्या, आणि आत त्या काळच्या युरोपातील उत्तम कारागिरांनी केलेले सामान. एमिल-जाक रूलमान यांचे मेज, आयलीन ग्रे यांची खुर्ची, इव्हान दा सिल्वा ब्रून्स यांचे गालिचे. शिल्पकार ब्रांकुसी यांच्याकडून महाराजांनी पक्ष्याची तीन शिल्पे घेतली आणि ती ठेवण्यासाठी एक मंदिर बांधायचे ठरवले. त्यासाठी ब्रांकुसी १९३७-३८ च्या हिवाळ्यात इंदूरला येऊनही गेले, पण ते मंदिर झाले नाही.

महाराज १९६१ साली वारले. १९८० साली माणिकबागेतील सामानाचा मोनाको येथे लिलाव झाला आणि ते जगभर विखुरले. पुढे २०१९ साली पॅरिसच्या एका मोठ्या संग्रहालयाने महाराजांच्या या संग्रहावर प्रदर्शन भरवले. महालाची इमारत मात्र इंदुरातच राहिली. ती केंद्रीय उत्पादन शुल्क खात्याकडे आली आणि आज तेथे केंद्रीय जीएसटीचे कार्यालय आहे. आम्हा वाणिज्य शाखेच्या मंडळींना यात गंमत वाटावी, की ज्या घरात ब्रांकुसीचे पक्षी ठेवायचे होते तेथे आज विवरणपत्रे ठेवली जातात.

पण मला त्यात गंमतीपेक्षा शिकवण दिसते. माणिकबाग उभी राहिली ती वापरात राहिली म्हणून. रोज कोणीतरी कुलूप उघडते, दिवे लावते, पाऊस आत आला तर ओरडते. रिकामा महाल दहा पावसाळ्यांत खचतो. कचेरी झालेला महाल टिकतो. मात्र त्याच वेळी हेही खरे, की त्या वास्तूचे जे वैशिष्ट्य होते, घर आणि सामान यांचा एकच विचार, ते निघून गेले. कवच राहिले, गाभा गेला. म्हणजे वापर हा इमारतीला वाचवतो खरा, पण काय वाचवायचे हे आधी ठरलेले नसेल तर वापर फक्त भिंती वाचवतो.

दुसरा धडा अरण्य वसाहतीचा. इंदूर विकास प्राधिकरणाने १९८० नंतरच्या दशकात गरीब कुटुंबांसाठी सुमारे ८५ हेक्टर जमिनीवर ही वसाहत वसवली. रचना केली बाळकृष्ण दोशी यांच्या वास्तुशिल्प फाउंडेशनने. दोशी हे मूळ पुण्याचे. जन्म १९२७ चा, शिक्षण मुंबईच्या जे. जे. मध्ये, उमेदवारी पॅरिसला ल कार्बुझिए यांच्याकडे. पुढे २०१८ साली प्रित्झकर पारितोषिक मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले. २०२३ साली त्यांचे निधन झाले.

अरण्यात सुमारे साडेसहा हजार भूखंड होते. सर्वांत गरीब कुटुंबाच्या वाट्याला आलेला भूखंड होता जेमतेम ३५ चौरस मीटरचा. त्यावर पूर्ण घर बांधून द्यायला पैसे नव्हते, आणि दोशींच्या मते तशी गरजही नव्हती. त्यांनी आधी इंदूरच्या झोपडपट्ट्या पाहिल्या. कॅनडाच्या मॅकगिल विद्यापीठातील अभ्यासकही त्या पाहणीत होते. माणसे दारापुढचा ओटा कसा वापरतात, झाडाखाली दुकान कसे मांडतात, पैसा हातात आला की प्रथम काय बांधतात, हे सारे टिपून घेतले. मग भूखंडावर दिले काय? जोते, पाणी, संडास, न्हाणी आणि फार तर एखादी खोली. बाकीचे घर त्या कुटुंबाने आपल्या सवडीने आणि ऐपतीने वाढवायचे. कसे वाढवता येईल ते दिसावे म्हणून ८० नमुना घरे बांधली. ज्यांची ऐपत होती अशांना मोठे भूखंड जास्त दराने विकले आणि त्या नफ्यातून गरिबांच्या भूखंडांची किंमत खाली आणली. या कामाला १९९५ साली आगाखान पारितोषिक मिळाले.

आज अरण्यात मजल्यावर मजले चढले आहेत आणि मूळ नमुना घरे शोधून काढावी लागतात. काही जण याला योजनेचे अपयश म्हणतात. नमुन्याप्रमाणे वसाहत राहिली नाही, हे त्यांचे म्हणणे. मला वाटते, ज्या घराची रचनाच वाढण्यासाठी होती ते वाढले, यात अपयश कसले? महत्त्वाची गोष्ट ही, की जोते आणि पाण्याची वाट पहिल्या दिवशी ठरली होती. रस्ता, गटार, मोकळे चौक यांची जागा पक्की होती. या पक्क्या गोष्टींच्या आधाराने बाकी सारे बदलू शकले. काय बदलायचे नाही ते आधी ठरवा, म्हणजे उरलेले निर्धास्त बदलता येते. अरण्याचा धडा हा एवढाच आहे, पण विद्यापीठांच्या बांधकाम खात्यांनी तो अद्याप शिकलेला दिसत नाही.

आता अहमदाबादकडे वळू. तेथील भारतीय प्रबंध संस्था १९६१ साली स्थापन झाली. तिच्या इमारतीसाठी अमेरिकेतील लुई कान यांना बोलावण्याची खटपट दोशींनीच केली होती. कान यांनी स्थानिक विटेच्या जाड भिंती उभारल्या, त्यांत प्रचंड वर्तुळे आणि कमानी कोरल्या, वसतिगृहांच्या मधोमध अंगणे ठेवली. १९७४ साली कान वारले. राहिलेले काम आणि पुढची भर अनंत राजे यांनी घातली. राजे हेही जे. जे. चे विद्यार्थी. भोपाळच्या भारतीय वन प्रबंध संस्थेची वास्तूही त्यांचीच. कान यांच्या आवारात राजे यांनी जी बांधकामे केली, ती पाहताना नवे काम कोठे सुरू झाले हे जाणकाराला कळते, पण जुन्याचा अपमान झाला असे कोणालाही वाटत नाही. वाढ अशी असते.

पण डिसेंबर २०२० मध्ये याच संस्थेने कान यांच्या १८ वसतिगृहांपैकी १४ पाडण्याचा बेत जाहीर केला. देशविदेशांतून निषेधाची पत्रे आली आणि १ जानेवारी २०२१ रोजी तो बेत मागे घेण्यात आला. नोव्हेंबर २०२२ मध्ये संस्थेने पुन्हा कळवले, की दुरुस्तीने भागत नाही, काही इमारती नव्याने बांधाव्या लागतील. संस्थेची कारणे पोकळ नव्हती. विटांचा दर्जा मध्यम, भिंतींच्या आत घातलेल्या लोखंडी सळ्या गंजून फुगलेल्या, त्यामुळे विटा तडकलेल्या, छतातून पाझर, आणि २००१ च्या भूकंपाने बसलेला हादरा. खोलीत झोपलेल्या विद्यार्थ्याच्या अंगावर छताचा तुकडा पडला, तर लुई कान यांची थोरवी त्याच्या आईबापांना कोण सांगणार?

म्हणून जे लोक दूरच्या शहरात बसून 'हात लावू नका' म्हणतात, त्यांच्याशी माझे पटत नाही. इमारत छायाचित्रासाठी नसते. तेथे माणसे राहतात, आंघोळ करतात, आजारी पडतात, परीक्षेच्या आदल्या रात्री जागतात. पण याच आवारात दुसरी गोष्टही घडली, ती विसरता येत नाही. संस्थेचे विक्रम साराभाई ग्रंथालय हेही कान यांचेच, त्याच विटेचे, त्याच हवेतले. मुंबईच्या ब्रिंदा सोमाया यांच्या संस्थेने त्याचा जीर्णोद्धार केला आणि २०१९ साली त्या कामाला युनेस्कोचे आशिया-पॅसिफिक विभागातले मानाचे पारितोषिक मिळाले. म्हणजे तीच वीट एके ठिकाणी वाचू शकते. मग दुसरीकडे ती का वाचत नाही, याचे उत्तर सर्वांसमोर, आकड्यांनिशी आणि तपासणीच्या कागदांनिशी मांडले गेले पाहिजे. 'धोकादायक' हा शब्द उच्चारला की चर्चा संपते, अशी आपल्याकडे रीत पडली आहे. वास्तविक तेथून चर्चा सुरू व्हायला हवी.

येथे मी माझ्या शाखेचा थोडा आधार घेतो. आम्हाला पहिल्या वर्षापासून घसारा शिकवतात. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात आर.सी.सी. चौकटीच्या इमारतीचे आयुष्य ६० वर्षे धरले आहे आणि तशी चौकट नसलेल्या इमारतीचे ३०. विद्यापीठ ही काही कंपनी नव्हे, पण इमारतीकडे पाहण्याची दृष्टी तीच आहे. दरवर्षी किंमत थोडी थोडी खाली येते आणि साठाव्या वर्षी चोपडीत जवळजवळ काही उरत नाही.

आता दुसरी चोपडी पाहा. १९५८ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे प्राचीन स्मारक म्हणवून घ्यायला वास्तूचे वय किमान १०० वर्षे हवे. दिल्लीत प्रगती मैदानावर राज रेवाल आणि महेंद्र राज यांनी १९७२ साली उभारलेला 'हॉल ऑफ नेशन्स' हा काँक्रीटचा भव्य मंडप वाचवण्याची धडपड झाली, तेव्हा तेथील वारसा समितीने ६० वर्षांची अट पुढे केली. मंडप ४५ वर्षांचा होता. एप्रिल २०१७ मध्ये तो एका रात्रीत पाडला गेला.

दोन्ही चोपड्या शेजारी ठेवल्या की विसंगती डोळ्यांत भरते. एका चोपडीत साठाव्या वर्षी इमारतीची किंमत संपते. दुसऱ्या चोपडीत साठाव्या वर्षापर्यंत तिची किंमत सुरूच होत नाही. मधल्या काळात तिला वाली कोणी नाही. आपली आजची विद्यापीठे, कान यांची वसतिगृहे, अच्युत कानविंदे यांनी उभारलेले आय.आय.टी. कानपूर, हे सारे याच मधल्या दरीत उभे आहे किंवा नुकतेच तिच्यातून बाहेर पडत आहे. कानविंदे हे कोकणातील आचऱ्याचे. हार्वर्डला ग्रोपियस यांच्याकडे शिकून आले आणि कानपूरला त्यांनी सगळे विभाग सावलीच्या पुलांनी असे जोडले, की भर उन्हात विद्यार्थ्याला एका इमारतीतून दुसरीत जाता यावे. अशी सोय नंतर पैसे टाकूनही सहज विकत मिळत नाही.

घसाऱ्याविषयी आणखी एक गोष्ट आमचे प्राध्यापक बजावून सांगतात. घसारा मांडला म्हणजे पैसा बाजूला पडला असे नव्हे. ती नुसती नोंद आहे. मालमत्ता पुन्हा उभी करायची असेल तर तेवढी रक्कम वेगळ्या निधीत टाकून बाहेर गुंतवावी लागते. समजा, सहा कोटी रुपयांची एक इमारत बांधली आणि तिचे आयुष्य साठ वर्षे धरले. वर्षाचा घसारा झाला दहा लाख. त्यातले निम्मे, पाच लाख जरी दरवर्षी छत, गटारे आणि गंजलेल्या सळ्या यांसाठी निराळे ठेवले, तरी चाळीसाव्या वर्षी 'पाडा' म्हणण्याची वेळ बहुधा येणार नाही. पण आपल्या संस्थांत पैसा मिळतो तो नव्या बांधकामासाठी. दुरुस्तीची तरतूद पहिल्यांदा कापली जाते. याचे कारण उघड आहे. नव्या इमारतीला कोनशिला असते, कोनशिलेवर नाव असते, उद्घाटनाला पाहुणे असतात. गळती थांबवल्याची कोनशिला आजवर कोणी बसवलेली नाही.

मग इमारत कशी 'वाढते' तेही आपण सर्वांनी पाहिले आहे. आधी व्हरांडा पत्र्याने बंद होतो आणि तेथे कारकुनाचे टेबल येते. मग गच्चीवर एक खोली चढते. चौकात सायकली, नंतर मोटारसायकली, मग त्यांच्यासाठी शेड. खिडकीत वातानुकूलन यंत्र बसते, खिडकी कायमची बंद होते आणि शेजारच्या वर्गात त्याचे गरम वारे येते. यातले प्रत्येक काम करणाऱ्याला ते गरजेचे वाटलेले असते आणि ते सहसा गरजेचे असतेही. पण एकत्र पाहिले तर इमारतीचा श्वास कोंडलेला असतो. काही वर्षांनी नवे प्राचार्य किंवा कुलगुरू येतात, ते म्हणतात, 'काय ही अवकळा!' आणि पाडण्याचा प्रस्ताव निघतो. मूळ रचनाकाराला दोष दिला जातो. खरा दोष असतो चाळीस वर्षांच्या बिनविचारी वाढीचा.

वाढ नकोच, असे म्हणणाराही विचार मात्र मला मान्य नाही. तेथे मोठा प्रश्न गुंतला आहे. २००६ च्या कायद्याने केंद्रीय उच्च शिक्षण संस्थांत इतर मागास वर्गांसाठी २७ टक्के जागा राखीव झाल्या. खुल्या जागा कमी होऊ नयेत म्हणून एकूण प्रवेश सुमारे ५४ टक्क्यांनी वाढवावे लागले. म्हणजे दोन विद्यार्थी बसत होते तेथे तीन बसवायचे. आज त्या बाकावर बसलेला तिसरा विद्यार्थी म्हणजे बहुतेक वेळा घराण्यातला पहिला पदवीधर. त्याला 'या वास्तूत तुला जागा नाही, कारण तिचे सौंदर्य बिघडेल' असे सांगणे हा अन्याय आहे. वास्तूवरच्या प्रेमाची भिंत करून तिच्यामागे जुन्या विद्यार्थ्यांनी आपले आवार राखू नये. जुनी वास्तू आणि नवा विद्यार्थी यांत निवड करायची वेळ आली, तर माझे मत नव्या विद्यार्थ्याला. पण ती वेळ खरोखर येते का? माझ्या समजुतीप्रमाणे फार क्वचित. नीट योजना केली तर दोघांनाही जागा होते.

त्याचे उदाहरण आपल्याला फार लांब शोधायला नको. या अंकाच्या कन्नड विभागातील मित्रांनी बंगळूरची भारतीय प्रबंध संस्था पाहिली असेल. तीही दोशींचीच. १९७७ नंतर ती बांधली गेली. स्थानिक करड्या दगडाच्या भिंती, लांबच लांब वाटा, वर अर्धवट उघडे छप्पर, त्यातून ऊन आणि वेली खाली उतरतात. तेथे इमारत ही वस्तू नाहीच. वाट हीच इमारत आहे आणि वर्ग तिच्या दोन्ही अंगांना लागलेले आहेत. अशा रचनेला भर घालायची तर वाट पुढे न्यायची. कान यांचे आवार वाढवणे कठीण, कारण तेथे प्रत्येक आकार पूर्ण आहे. दोशींनी कान यांच्याकडून शिकावे तेवढे शिकून बंगळूरला वाट मोकळी ठेवली, आणि तोच विचार काही वर्षांनी इंदूरच्या ३५ चौरस मीटरांत उतरवला. प्रबंध संस्थेचा विद्यार्थी आणि हातगाडीवाला यांना एकाच माणसाने एकच गोष्ट दिली: पुढे वाढण्याची जागा.

इंदूरला दारापुढच्या ज्या जागेला ओटला म्हणतात, तिला आपण ओटा म्हणतो. महाविद्यालयात त्याचाच कट्टा होतो. कन्नडमध्ये झाडाभोवतीच्या पाराला कट्टे म्हणतात, आणि कट्टा व कट्टे हे एकाच घराण्यातले शब्द आहेत हे सांगायला भाषापंडित नको. दोन भाषांत वाढलेल्या आपल्यासारख्यांना ते कानानेच कळते. कोणत्याही भाषेतल्या विद्यार्थ्याला विचारा, महाविद्यालयातले काय आठवते? तो वर्ग क्रमांक बारा सांगणार नाही. कट्टा सांगेल. आणि कोणत्याही विस्तार योजनेचा नकाशा काढून पाहा, प्रथम बळी जातो तो कट्ट्याचाच, कारण नकाशावर त्याला नाव नसते आणि हिशेबात त्याचे क्षेत्रफळ 'मोकळी जागा' म्हणून पडते.

तेव्हा माझे म्हणणे चार मुद्द्यांत मांडतो.

पहिला मुद्दा असा, की प्रत्येक विद्यापीठाने आपल्या जुन्या इमारतींची एक वही ठेवावी. कोणी बांधली, केव्हा बांधली, कोणत्या वर्षी कोठे गळाली, काय दुरुस्ती झाली आणि किती पैसे लागले. रुग्णाचा कागद नसताना डॉक्टरही शस्त्रक्रिया करत नाही.

दुसरा, विस्ताराचा नकाशा काढण्यापूर्वी 'काय बदलायचे नाही' याची यादी करावी, आणि ती लहान असावी. चौक, मुख्य वाट, वारा येण्याच्या दिशा, झाडे आणि कट्टा. यादी लांब झाली की संग्रहालय होते; यादीच नसली की पत्र्याची शेड होते.

तिसरा, नव्या बांधकामाच्या मंजुरीबरोबरच त्याच्या देखभालीचा निधी मंजूर व्हावा आणि तो दुसऱ्या कामाला वळवता येऊ नये. ज्या संस्थेला दुरुस्ती परवडत नाही तिला नवी इमारतही परवडत नाही, एवढे जमाखर्च शिकलेल्या कोणालाही समजते.

चौथा, पाडायचेच ठरले तर तपासणीचा अहवाल आधी ग्रंथालयात ठेवावा. विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनी तो वाचावा. स्थापत्य अभियांत्रिकीच्या वर्गात त्यावर तास व्हावा, वाणिज्याच्या वर्गात त्याचा खर्च तपासला जावा. ज्या विद्यापीठात ज्ञान शिकवले जाते तेथे आपल्याच छताविषयीचे ज्ञान गुप्त का असावे?

यावर कोणी म्हणेल, विद्यार्थी तीन वर्षांचा पाहुणा. त्याला इमारतीच्या साठ वर्षांची काळजी कशाला? पण अरण्यात जोते घालताना कुटुंबाच्या हाती पैसे नव्हते आणि पुढचा मजला कधी चढेल हे ठाऊक नव्हते. तरी जोते पक्के घातले गेले, कारण वर कोणीतरी बांधणार हे गृहीत होते. आपण ज्या वर्गात बसतो त्याचे जोतेही कोणीतरी असेच घातले आहे, तुमचे-माझे नाव माहीत नसताना. आता या वर्षीच्या अंदाजपत्रकात छताच्या दुरुस्तीला किती रुपये ठेवले आहेत, एवढे प्रत्येक वर्गाच्या प्रतिनिधीने कार्यालयात जाऊन विचारावे. एवढ्याने आरंभ पुरेसा आहे.